बियाण्यांचे नवे विज्ञान आणि आपला समाज

(संस्थेच्या वर्धापनदिनी पुणे येथे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो ऐकून काहींना वाटेल की, हा विषय शेतकऱ्यांच्या मेळाव्यात शोभला असता. आपण तर शहरात राहणारी माणसे. कोणी दारूगोळा कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी महापालिकेत, कोणी बँकेत. खडकी, देहूरोड, येरवडा, पिंपरी, पर्वती अशा भागांत आपली घरे आहेत. मग बियाण्यांशी आपला काय संबंध? संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर आपल्या ताटात रोज जे पडते, ते कुठल्यातरी बियाण्यातूनच येते. दुसरे म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे काका, मामा, आत्या, मावशी आजही गावी आहेत. कोणाच्या नावावर एक-दोन एकर आहे आणि कोणाच्या नावावर काहीच नाही. खुरपे, विळा आणि फवारणीचा पंप हाच त्यांचा संसार आहे. बियाणे बदलले की त्यांची मजुरी बदलते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

सध्या वर्तमानपत्रांत 'जनुकीय संपादन' असा शब्द वारंवार येतो. कोणी म्हणतो, याने भूक संपेल. कोणी म्हणतो, हे विष आहे. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे, पण मुळात हे आहे तरी काय, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये आणि ऐकीव गोष्टीला भिऊही नये. स्वतः तपासावे, मग स्वीकारावे किंवा नाकारावे. ही शिकवण आपल्याला नवी नाही. तीच आपण या विषयाला लावून पाहू.

इंद्रायणी भातापासून सुरुवात

पुण्याच्या माणसाला इंद्रायणी तांदूळ ठाऊक नाही असे होणार नाही. मावळातील वडगाव येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. तेथे आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ या दोन वाणांच्या संकरातून इंद्रायणी तयार झाला आणि १९८७ साली तो शेतकऱ्यांसाठी प्रसारित करण्यात आला. आंबेमोहोराला वास होता, चव होती. पण रोप उंच वाढे, लोंबी भरली की आडवे पडे आणि उत्पन्न बेताचेच. आय. आर. ८ हा फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली दिलेला बुटका वाण. उत्पन्न भरपूर, पण चवीच्या बाबतीत लोक नाक मुरडत. एकाचा वास आणि दुसऱ्याचे उत्पन्न एका रोपात आणायचे, असा हा प्रयत्न होता.

हे काम कसे करतात ते विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. भाताचे फूल स्वतःच स्वतःचे परागीकरण करते. त्यामुळे संकर करणारा माणूस फूल उमलण्यापूर्वी त्यातील सहा पुंकेसर काढून टाकतो आणि त्यावर दुसऱ्या वाणाचे पराग झटकतो. असे दाणे मिळाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या हजारो रोपे लावायची, नको ती उपटून टाकायची, हवी ती ठेवायची. आठ-दहा वर्षे यात सहज जातात. भाताच्या एका पेशीतील आनुवंशिक मजकूर सुमारे ३९ कोटी अक्षरांचा आहे आणि त्यात साधारण ३७ हजार जनुके आहेत. संकरात हा सगळा मजकूर पत्त्यांसारखा पिसला जातो. आपल्याला हवे ते पान हाती येईपर्यंत डाव मांडत राहायचा, एवढेच माणसाच्या हाती असते.

आता एक गंमत पाहा. आय. आर. ८ बुटका का होता? त्याच्या पूर्वजांपैकी तैवानमधील एक जुना वाण बुटका होता. २००२ साली शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधून काढले. रोपाची उंची वाढवणारे संप्रेरक तयार करण्यास मदत करणारे एक जनुक त्या वाणात मोडलेले होते. त्यातील ३८३ अक्षरे गळून गेली होती. कोणत्याही प्रयोगशाळेत हे घडले नव्हते. निसर्गात आपोआप घडलेला तो एक बिघाड होता. शेतकऱ्यांच्या नजरेला तो उपयोगी वाटला आणि त्यांनी तो जपला. त्या एका मोडलेल्या जनुकावर आशियातील भाताची हरितक्रांती उभी राहिली. जनुक मोडणे म्हणजे नेहमीच रोपाचे नुकसान, असे नव्हे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

तीन पायऱ्या

निसर्गात असे बिघाड क्वचित होतात. माणसाने विचार केला, ते वाढवता येतील का? मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने बियाण्यांवर किरणांचा मारा करून त्यातून उपयोगी बदल निवडण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. १९९१ साली प्रसारित झालेला टॅग-२४ हा भुईमुगाचा वाण त्याच कामाचे फळ. आपल्या राज्यात तो घरोघरी पोहोचला. शेंगदाण्याची चटणी खाताना कोणी विचारत नाही की, यामागे किरणांचा काही हात आहे का. परंतु या पद्धतीत किरण कुठे लागेल हे सांगता येत नाही. अंधारात दगड मारावा तसा प्रकार. हजार ठिकाणी मजकूर बिघडतो आणि त्यातून एखादा बदल कामाचा निघतो.

दुसरी पायरी खुणेची. हवे असलेले जनुक मजकुरात कुठे आहे हे कळले की त्याच्या शेजारची एक खूण पकडायची. मग रोप मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही. कोवळ्या पानाचा तुकडा तपासला तरी जनुक आले की नाही ते कळते. दक्षिणेत सांबा मसुरी हा बारीक दाण्याचा भात फार लोकप्रिय आहे, पण करपा रोगाच्या एका जिवाणूजन्य प्रकाराला तो बळी पडे. हैदराबादच्या दोन सरकारी संस्थांनी खुणांच्या आधारे त्यात रोगप्रतिकारक अशी तीन जनुके संकरानेच आणली आणि २००८ च्या सुमारास सुधारित सांबा मसुरी शेतकऱ्यांना मिळाला. दाणा तोच, चव तीच, रोग कमी.

तिसरी पायरी म्हणजे आज ज्याची चर्चा आहे ती. जिवाणूंवरही विषाणूंचे हल्ले होतात. काही जिवाणू हल्लेखोर विषाणूच्या मजकुराचा छोटा तुकडा आठवण म्हणून जपून ठेवतात आणि तोच विषाणू पुन्हा आला की त्या आठवणीच्या आधारे त्याला ओळखून कापून टाकतात. जेनिफर डाउडना आणि एमान्युएल शार्पांतिए या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी २०१२ साली दाखवून दिले की, ही कात्री आपल्याला हव्या त्या ठिकाणी नेता येते. हिलाच क्रिस्पर म्हणतात. २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघींना मिळाले. पुरुष सहकाऱ्याविना दोन स्त्रियांनी विज्ञानाचे नोबेल वाटून घेण्याची ती पहिलीच वेळ होती. आपल्या मुलींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

क्रिस्परमध्ये दोन भाग असतात, एक वाटाड्या आणि एक कात्री. वाटाड्या म्हणजे सुमारे वीस अक्षरांचा एक तुकडा. कोट्यवधी अक्षरांमध्ये आपल्याशी जुळणारी जागा तो शोधतो आणि कात्रीला तेथे नेतो. कात्री कापते. पेशी ती जखम स्वतःच सांधते, पण सांधताना एखाद-दुसरे अक्षर गळते किंवा जादा पडते. तेवढ्याने ते जनुक निकामी होते किंवा मंदावते. या प्रकाराला नियमांमध्ये एस. डी. एन.-१ म्हणतात. कापलेल्या जागी नमुना देऊन दोन-चार अक्षरे दुरुस्त करून घेतली तर तो एस. डी. एन.-२. आणि त्या जागी परक्या जिवाचे अख्खे जनुक बसवले तर तो एस. डी. एन.-३. पहिल्या दोन प्रकारांत रोपाच्या स्वतःच्याच मजकुरात सुधारणा होते. तिसऱ्यात बाहेरचा पाहुणा कायमचा राहायला येतो.

येथे पुण्याचा एक अभिमानाचा धागा आहे. कात्री चालते ती एका पेशीत. त्या पेशीतून पूर्ण रोप उभे करता आले पाहिजे आणि त्यासाठी लागणारी विद्या म्हणजे ऊतिसंवर्धन. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या विद्येत फार पूर्वी नाव कमावले. जो बांबू एरवी कित्येक दशकांनी एकदा फुलतो, त्याची रोपे तेथील शास्त्रज्ञांनी काचेच्या बाटलीत फुलवून दाखवली. १९९० साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकाने ते संशोधन छापले.

२०२५ सालचे दोन तांदूळ

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर केले. भारतात असे प्रथमच घडले. पहिल्याचे नाव डी. आर. आर. धान १००, म्हणजेच कमला. तो हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने त्याच सांबा मसुरीपासून तयार केला. रोपात दाण्यांची संख्या वाढवणारे एक संप्रेरक असते आणि ते मोडून टाकणारे एक जनुकही असते. हे मोडणारे जनुक मंद केले, म्हणून लोंबीत दाणे वाढले. जाहीर केलेल्या माहितीनुसार कमलाचे उत्पन्न मूळ वाणापेक्षा सरासरी १९ टक्के जास्त असून तो सुमारे २० दिवस आधी तयार होतो. वीस दिवस आधी म्हणजे तेवढे पाणी वाचले. शिफारस केलेल्या राज्यांत महाराष्ट्राचेही नाव आहे. दुसरा पुसा डी. एस. टी. राइस १. तो दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एम. टी. यू. १०१० या वाणापासून केला. खारपड व चोपण जमिनीत तो अधिक टिकाव धरतो असे सांगण्यात आले.

हे दोन्ही वाण एस. डी. एन.-१ प्रकारातील आहेत. आपल्याकडे जनुक बदललेल्या पिकांसाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम आहेत आणि त्यांची परवानगीची वाट लांबलचक आहे. ३० मार्च २०२२ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने आदेश काढला की, पहिल्या दोन प्रकारांतील वनस्पतींत परके जनुक उरलेले नाही हे दाखवता आले, तर त्यांना त्या नियमांतील मुख्य तरतुदी लागू होणार नाहीत. कात्रीचे जनुक सुरुवातीला पेशीत घालावे लागले तरी पुढच्या पिढीत ते नसलेली रोपे निवडता येतात, हा त्यामागचा आधार. त्याच वर्षी जैवतंत्रज्ञान विभागाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. युरोपात २०१८ साली तेथील न्यायालयाने अशा पिकांना जुनेच कडक नियम लागू होतात असा निर्णय दिला होता. २०२३ साली तेथील आयोगाने नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. जपानमध्ये २०२१ पासून असा टोमॅटो विकला जात आहे. म्हणजे वारा कुठल्या दिशेने वाहत आहे हे स्पष्ट आहे.

कमलाच्या बाबतीत वादही झाला. २०२५ च्या उत्तरार्धात जनुक-बदलाला विरोध करणाऱ्या संघटनांनी चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळले. या सभेत बसून आपण त्याचा निकाल लावू शकत नाही. पण एक मागणी आपण नक्की करू शकतो. सरकारी पैशाने झालेल्या चाचण्यांचे सर्व आकडे, केंद्रवार आणि वर्षवार, लोकांसमोर असले पाहिजेत. ज्याला तपासायचे आहे त्याला तपासता आले पाहिजे. आकडे उघडे ठेवले म्हणून विज्ञानाचे कधी नुकसान होत नाही.

कापसाचा धडा

नव्या बियाण्याचे पुढे काय होते हे पाहायला आपल्याला परदेशी जायला नको. २६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसात घातले होते. बोंडअळीने पान खाल्ले की ती मरे. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या हे खरे आहे. देशाची कापसाची सरासरी २००७-०८ मध्ये हेक्टरी ५५४ किलो रुईपर्यंत गेली, हेही खरे आहे. मग काय झाले? सगळीकडे तेच बियाणे, तेच विष. गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. अळीला सरावू न देण्यासाठी कडेने साधा कापूस लावायचा असतो, तो बहुतेक ठिकाणी कोणी लावला नाही. सरासरी पुन्हा खाली आली. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेणारा माणूस बहुधा कोण असतो, हे या सभेत सांगण्याची गरज नाही.

किमतीचा धडा वेगळा. सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमच्या एका पाकिटाला १,६०० रुपयांच्या वर मोजावे लागत. २००६ साली आंध्र प्रदेशने दाद मागितल्यावर ती किंमत ७५० रुपयांवर आली. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम बियाण्याची नव्हतीच. आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. बीटी कापूस दरवर्षी विकत घ्यावा लागतो तो जनुकामुळे नव्हे, तर तो संकरित वाण म्हणून विकला गेला यामुळे. संकरित पिकाचे घरचे बी पुढच्या वर्षी तसे येत नाही. भात, गहू यांचे सरळ वाण मात्र घरच्या बियाण्यावर चार-पाच वर्षे नीट चालतात. म्हणून नवे तंत्र सरळ वाणात येते की संकरित वाणात, हा प्रश्न गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे.

वांग्याचा अनुभवही आठवावा. बीटी वांग्याबाबत तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या. आपल्या राज्यातील सुनावणी नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात. बांगलादेशाने तेच वांगे २०१३ साली स्वीकारले. पण निर्णयापूर्वी लोकांना विचारले गेले, ही गोष्ट लोकशाहीला धरून होती. जनुक-संपादित पिके १९८९ च्या नियमांच्या बाहेर गेल्यावर असे विचारणे होणार नाही. नियम सोपे व्हावेत. सरकारी संस्था व छोट्या कंपन्यांनाही काम करता यावे, हे आम्हांस मान्य आहे. पण सोपे म्हणजे गुपचूप नव्हे.

आपण विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न: बियाणे कोणाचे? २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ते कंपनीच्या छापाने विकता येत नाही. आपल्या पेटंट कायद्यानुसार वनस्पती, वाण व बियाणे यांवर पेटंट मिळत नाही. पण क्रिस्परच्या कात्रीवर परदेशांतील विद्यापीठांची व संस्थांची पेटंटे आहेत. उद्या बियाणे सरकारी, पण कात्रीचे भाडे परदेशी, असे झाले तर ते भाडे शेवटी कोण भरणार? २०१९ साली गुजरातेत बटाट्याच्या एका वाणावरून पेप्सिको कंपनीने शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले. कायदा शेतकऱ्याच्या बाजूने असला तरी तो त्याला ठाऊक नसेल तर नोटीस आली की तो घाबरतो. हा कायदा गावोगाव समजावून सांगणे हे आपल्या सुशिक्षित तरुणांचे काम आहे.

दुसरा प्रश्न: काम कोणाचे? दिल्लीच्या संस्थेने २०२१ साली बासमतीचे दोन वाण दिले. त्यांच्यावर एक ठरावीक तणनाशक फवारले तर तण मरते, भात मरत नाही. हे क्रिस्परने केलेले नाही. उत्परिवर्तनातून निवडलेले आहे, म्हणून जनुक-बदलाचे नियम त्याला लागू नाहीत. भात न चिखलणी करता थेट पेरता येतो, पाणी वाचते, हा फायदा आहे. पण लावणी आणि खुरपणी ही कामे कोणाची असतात? आपल्या मावशीची, आपल्या वहिनीची. जे काम उन्हात कंबर मोडते ते संपावे, याला आमचा विरोध नाही. खुरपणी हे आमच्या बायकांचे भाग्य आहे असे कोणी सांगू लागला तर ते आम्ही ऐकून घेणार नाही. पण ते काम जाते तेव्हा त्याच्या जागी दुसरे कोणते येते, हे वाण जाहीर करणाऱ्याने सांगितले पाहिजे. उत्पन्नाचे टक्के जाहीर होतात, तसे गेलेल्या मजुरीच्या दिवसांचे आकडेही जाहीर व्हावेत.

तिसरा प्रश्न: ताटात काय? एक-दोन अक्षरांचा बदल निसर्गातही होतो, त्यामुळे तो माणसाने केला की आपोआप झाला हे तपासून ओळखणे कठीण असते. म्हणून अशा तांदळाच्या पोत्यावर वेगळी खूण नसेल तर गिऱ्हाईकाला काही कळणार नाही. कात्री कधी वाटाड्याशी थोड्याफार जुळणाऱ्या दुसऱ्या जागीही चालू शकते. अशी चुकलेली कापणी शोधण्याच्या पद्धती आहेत आणि त्या वापरल्याच पाहिजेत. किरणांच्या पद्धतीशी तुलना केली तर येथे धोका कमी आहे असे बहुतेक शास्त्रज्ञांचे मत आहे आणि आम्हांसही ते पटते. पण धोका कमी असला म्हणून तपासणी सोडून द्यावी, असे होत नाही.

चौथा प्रश्न: लाभ कोणाला? येथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी सगळे म्हणत, जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जमीन लहान की मोठी हे नुसते एकरांवर ठरत नाही. तिच्याबरोबर भांडवल, अवजारे, बैल, मजूर या इतर साधनांचे प्रमाण किती आहे यावर ते ठरते. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. शंभर वर्षांनंतर हाच विचार आपण बियाण्याला लावू शकतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात सरासरी वहिवाट १.०८ हेक्टर आहे आणि ८६ टक्के शेतकरी अल्प किंवा अत्यल्प भूधारक आहेत. पाणी नाही, कर्ज नाही, भाव नाही, अशा शेतात सर्वांत हुशार बियाणे टाकले तरी ते एकटे काय करील? आणि ज्याला जमीनच नाही त्याला बियाण्याचा लाभ मिळायचा तो फक्त स्वस्त अन्न आणि रास्त मजुरी या वाटेनेच मिळणार. म्हणून जमीन, पाणी आणि मजुरी यांचा लढा संपला, आता प्रयोगशाळा सर्व प्रश्न सोडवील, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. आणि प्रयोगशाळेची गरजच नाही म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहावे. बाबासाहेब विज्ञानाला पाठ दाखवणारे नव्हते.

आपल्या गावातील एक संस्था

सार्वजनिक संस्था काय करू शकते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली येथे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. गहू आणि सोयाबीन यांवर तेथे अनेक दशके काम चालले आहे. तेथील एम. ए. सी. एस. ४०२८ हा बन्सी गव्हाच्या जातीचा वाण कोरडवाहू शेतीसाठी आहे. तो सुमारे १०२ दिवसांत तयार होतो आणि त्यात १४.७ टक्के प्रथिने आहेत. जस्त व लोह यांचेही प्रमाण चांगले आहे. एम. ए. सी. एस. ६४७८ या वाणाने सातारा जिल्ह्यातील करंजखोप गावच्या शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढवले. हे सगळे साध्या संकराचे, चिकाटीचे काम आहे. त्यात क्रिस्पर नाही. सरळ वाण असल्यामुळे शेतकरी आपले बी आपण राखू शकतो.

आम्हांस असे वाटते की, नवे तंत्र आले पाहिजे ते अशा संस्थांच्या हातून आणि अशा पिकांत. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा ही कोरडवाहू शेतकऱ्याची आणि गरिबाच्या ताटातील पिके आहेत. त्यांत कंपन्यांना फार नफा नाही, म्हणून तेथे सरकारनेच पैसा घातला पाहिजे. पैसा आटला की संशोधन कंपन्यांकडे जाते आणि मग पिकेही कंपन्याच निवडतात. तंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न अर्धाच आहे. ते कोणाच्या हातात, कोणत्या पिकासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा उरलेला अर्धा.

विद्यार्थी मित्रांना

आता शेवटचे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. आमच्या मुलांनी डॉक्टर, इंजिनिअर, वकील, अधिकारी व्हावे असे घरोघरी म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. पण बियाणे तयार करणाऱ्या खोलीत, त्याला परवानगी देणाऱ्या समितीत आणि त्याचा कायदा लिहिणाऱ्या टेबलावर आपला माणूस किती वेळा असतो? ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबूनही जमिनीवर नाव लावले नाही, त्यांच्या लेकरांनी बियाण्याच्या विज्ञानात नाव लावले पाहिजे.

त्यासाठी पुण्यासारखे दुसरे गाव नाही. शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय, विद्यापीठातील जैवतंत्रज्ञान विभाग, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, आघारकर संस्था, मांजरीची द्राक्ष व ऊस संशोधन केंद्रे, राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय, हे सगळे तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. पीएच.डी. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अकरावीतच जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवा, कारण आजचे जनुकशास्त्र निम्मे संगणकावर चालते. आठवीपासूनच्या मुलांना शिक्षकांनी या संस्था दाखवाव्यात. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, अनेक प्रयोगशाळा लोकांसाठी खुल्या असतात.

संस्थेला आमची नम्र सूचना आहे. या विषयावरचे एक अभ्यासमंडळ आपण सुरू करावे. महिन्यातून एक रविवार पुरे. एका बैठकीत एक वाण घ्यावा. तो कोणी केला, कसा केला, आकडे कुठे आहेत, किंमत किती, बी राखता येते का, मजुरीवर काय परिणाम, एवढे सहा मुद्दे फळ्यावर लिहून चर्चा करावी. गावी जाताना ते कागद बरोबर न्यावेत आणि नातेवाइकांना वाचून दाखवावेत. तेथून जे प्रश्न येतील ते परत आणून प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांना विचारावेत. त्यांना आपले प्रश्न ऐकायची सवय लागू द्या. विज्ञानही त्यानेच सुधारेल.

नव्या बियाण्याला आंधळेपणाने हार घालायचा नाही आणि आंधळेपणाने दगडही मारायचा नाही. ते हातात घ्यायचे, उजेडात धरायचे, चार प्रश्न विचारायचे आणि मग ठरवायचे. आणि पुढचा वाण तयार होईल तेव्हा तो करणाऱ्यांच्या यादीत या सभागृहात बसलेल्या एखाद्या मुलीचे नाव असावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण संपवतो.